डोंगरवाटेवरचा कॅमेरा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोंगरात न्यायच्या कॅमेऱ्याचे वजन पाण्याच्या हिशेबात धरावे लागते, आणि जालना जिल्ह्यात तर ते अधिकच खरे. इथले डोंगर उंच नाहीत. उत्तरेला भोकरदनकडे अजिंठा रांगेचे फाटे, अंबड तालुक्यात रोहिलागड, खुद्द अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी. बाकी माळ आणि काळी जमीन. चढ थोडा, पण सावली नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ऑक्टोबरचे ऊनही चांगलेच भाजते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सॅकमध्ये कॅमेऱ्याचा एक किलो वाढला की तेवढे पाणी घरी राहण्याची शक्यता वाढते.

सर्वांत रुळलेला गैरसमज म्हणजे मिररलेस घेतला की ओझे संपले. आरसा आणि त्यावरचा प्रिझम गेल्याने बॉडी लहान झाली हे खरे, पण लेन्सच्या काचेचे वजन आरशावर अवलंबून नसते. सोनी ए7-4 या फुल-फ्रेम मिररलेसचे वजन बॅटरी-कार्डासह 658 ग्रॅम. त्याला एफ/2.8 ची 24-70 (695 ग्रॅम) आणि 70-200 (1,045 ग्रॅम) या जीएम-2 मालिकेतल्या लेन्स जोडल्या की बेरीज 2,398 ग्रॅमवर जाते. त्याच कंपनीचा एपीएस-सी या लहान सेन्सरचा ए6400 हा 403 ग्रॅमचा. त्याची 16-50 किट लेन्स 116 ग्रॅम, 55-210 झूम 345 ग्रॅम. सगळे मिळून 864 ग्रॅम. फरक दीड किलोच्या वर, आणि त्यातला बॉडीचा वाटा जेमतेम पाव किलो. जाहिरातीत मात्र आकडा बॉडीचाच छापलेला असतो.

यातूनच दुसरा गैरसमज निघतो : सेन्सर लहान तेवढा कॅमेरा हलका. इथेही लेन्सच निकाल लावते. फुल-फ्रेम ए7सी (509 ग्रॅम) आणि त्याची 28-60 लेन्स (167 ग्रॅम) मिळून 676 ग्रॅम होतात. एपीएस-सी सेन्सरच्या फुजीफिल्म एक्स-टी5 ला (557 ग्रॅम) एफ/2.8 ची पहिल्या आवृत्तीतली 16-55 (655 ग्रॅम) लावली तर 1,212 ग्रॅम. लहान सेन्सरचा संच जवळपास दुप्पट जड, कारण त्याची लेन्स मोठ्या छिद्राची आहे.

मोठ्या सेन्सरचा फायदा खोटा नाही. 36 बाय 24 मिलिमीटरच्या फुल-फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सव्वादोन पटींहून जास्त असते. त्यामुळे तीच चौकट, तोच एफ-क्रमांक आणि तोच शटर वेग असताना त्यावर पडणारा एकूण प्रकाशही साधारण तेवढ्या पटीत वाढतो. स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) सांगायचे तर एकाहून किंचित जास्त. कमी उजेडात दाणे कमी दिसतात ते यामुळे. हा एक स्टॉप कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, यावर खरी निवड ठरते.

मराठवाड्याच्या भर उन्हात तो लागत नाही. जुन्या छायाचित्रकारांचा अंदाज असा : स्वच्छ उन्हात आयएसओ 100 ठेवला तर एफ/16 ला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. त्या हिशेबाने आयएसओ 400 आणि एफ/8 ला 1/1600 सेकंद मिळतो. माळावर धावणारा काळवीट गोठवायला एवढा वेग पुष्कळ. म्हणून एफ/8 ची झूम म्हणजे कमअस्सल, हा समज उन्हातल्या वन्यजीव छायाचित्रणापुरता तरी निराधार आहे. कॅननची आरएफ 100-400 लेन्स 400 मिलिमीटरला एफ/8 वर येते आणि तिचे वजन 635 ग्रॅमच आहे; कॅननच्या एपीएस-सी बॉडीवर तिची चौकट 640 मिलिमीटरइतकी भरते. घाणेवाडीच्या जलाशयावर हिवाळ्यात पक्षी पाहणाऱ्यालाही ती पुरेल, पण सूर्य थोडा वर आल्यावर. पहाटेच्या धुक्यात किंवा दिवस मावळताना तीच लेन्स आयएसओ 6400 मागू लागते, आणि तिथे जड लेन्सवाल्याचे म्हणणे बरोबर ठरते.

देवळाच्या आतला उजेड ही वेगळीच गोष्ट. भोकरदन तालुक्यात अन्वा येथे यादवकालीन शैलीचे कोरीव मंदिर आहे. बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि मंडपात शिरताच अंधार, अशा ठिकाणी एफ/2.8 आणि आयएसओ 1600 वरही सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत खाली यावे लागू शकते. हातात धरून हा वेग धोक्याचा. मात्र खांब हलत नाहीत. सेन्सर किंवा लेन्समधली स्थिरीकरण यंत्रणा हाताचा कंप सावरते, आणि दगडी शिल्पासाठी एवढे पुरते. म्हणजे मंदिरात स्थिरीकरण एफ/2.8 च्या जड काचेची जागा बऱ्याच अंशी भरून काढते. काळविटाच्या बाबतीत तसे होत नाही, कारण तिथे विषयच हलत असतो. हलक्या साहित्याच्या चर्चेत हा भेद फार वेळा सुटतो.

ट्रायपॉडशिवाय गंभीर छायाचित्रण नाही, हा समज काचेच्या प्लेटांच्या काळापासून चालत आलेला. जालन्याच्या शेजारीच अजिंठ्याला मेजर रॉबर्ट गिल यांनी घेतलेली छायाचित्रे 1864 मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या लेण्यांवरच्या पुस्तकात आली. त्या काळी तिवईवाचून कॅमेरा उभाच राहत नसे, आणि ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेला रसायन लावणे व धुणे जागेवरच उरकावे लागे. आज ट्रायपॉड रात्रीच्या आकाशासाठी आणि पाण्याच्या रेशमी प्रवाहासाठी लागतो. दिवसाच्या चालीत बहुधा नाही. किलोभराचा हलका ट्रायपॉड वाऱ्यात थरथरतो, ते वेगळेच. जाड कापडाची रिकामी पिशवी नेऊन वर गेल्यावर ती मुरूम-मातीने भरली आणि कातळावर ठेवून त्यात लेन्स रुतवली, तर दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो स्थिर येतो. पिशवी उतरताना पुन्हा रिकामी करता येते. शिवाय केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला आगाऊ परवानगी लागते.

मेगापिक्सेल वाढले की फोटो चांगला, याबद्दल थोडक्यात : ए4 कागदावर 300 डीपीआय छपाईला 8.7 मेगापिक्सेल पुरतात, आणि 24 मेगापिक्सेलमध्ये 20 बाय 13 इंचांची छपाई निघते. मोबाइलचे 48 मेगापिक्सेल बहुतेक वेळा चार-चार बिंदू एकत्र करून 12 चेच चित्र देतात. दिवसाच्या निसर्गदृश्याला चांगला मोबाइल पुरतो, हे कॅमेरा विकणाऱ्यांनाही मान्य करावे लागेल. पण लेन्सची मर्यादा संपल्यावर तो झूम म्हणून चित्र कापून मोठे करतो, आणि दिवसभर फोटो काढून त्याची बॅटरी संपली की नकाशा व मदतीचा फोन दोन्ही बंद. डोंगरात मोबाइलचे पहिले काम ते आहे.

यूव्ही फिल्टरने चित्र सुधारते, हाही फिल्मच्या दिवसांचा समज. डिजिटल सेन्सरसमोर अतिनील किरण अडवणारा थर आधीच असतो. फिल्टर फक्त धूळ आणि ओरखडे अडवतो. पोलरायझर मात्र उपयोगी. पावसाळ्यानंतर पानांवरची आणि तळ्यावरची चकाकी तो कमी करतो, सूर्याशी काटकोनात आकाश गडद करतो, त्या बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड खातो.

‘वेदर सील्ड’ म्हणजे जलरोधक नव्हे. ओएम-5 या कॅमेऱ्याचे आयपी53 मानांकन तिरक्या फवाऱ्यापुरते आहे, आणि लेन्सही तशीच सीलबंद असेल तरच लागू. पावसात घट्ट तोंडाची प्लॅस्टिक पिशवी आणि सिलिका जेलची पुडी यांचे वजन नगण्य, आणि भिंगावरची बुरशी टाळण्यात त्यांचा वाटा मोठा. भिजलेला कॅमेरा तांदळात पुरणे चुकीचे. तांदळाचा कोंडा फटींत जातो. बॅटरी काढून, कॅमेरा कोरडा पुसून हवेशीर जागी ठेवणे अधिक बरे.

वजन किती, याइतकेच ते कुठे लटकते हेही महत्त्वाचे. गळ्यातला कॅमेरा चढावर छातीवर आपटतो आणि उतरताना तोल नेतो. सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला लावायच्या क्लिपमुळे दोन्ही हात मोकळे राहतात.

खरेदीपूर्वी बॉडी, लेन्स, जादा बॅटरी, चार्जर, फिल्टर आणि बॅग हे सगळे एकत्र काट्यावर ठेवून पाहावे, आणि सॅकमध्ये आधी पाणी भरून मगच उरलेल्या जागेत काय बसते ते ठरवावे. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर घरात असलेली बॉडी आणि तिची किट लेन्स असेच येते.