हात ऑर्गनवर, डोळे नटावर

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात गावोगावी दिवसा मंडईची जत्रा किंवा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरतो आणि रात्री नाटक रंगतं. हा हंगाम थेट होळीपर्यंत चालतो. गावकरी वडशाला, म्हणजे देसाईगंजला जाऊन नाट्यमंडळांशी नाटक ठरवतात. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीचं नाव देशभर झालं. नटाचा सन्मान झाला, आता त्याला रात्रभर सूर देणाऱ्या ऑर्गनवादकाकडेही पाहायला हवं.

त्याचं वाद्य मूळचं चर्चमधलं. नळ्यांचा अवाढव्य ऑर्गन लहान चर्चला परवडत नसे. त्याला पर्याय ठरलेल्या हार्मोनियमचं पेटंट 1842 मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबाँ यांनी घेतलं. पुढे अमेरिकेत मेसन अँड हॅम्लिन, एस्टी अशा कंपन्यांनी पायाने चालणारे ऑर्गन बनवले आणि मिशनऱ्यांबरोबर अशी वाद्यं दूरदूर पोहोचली. मराठी संगीत नाटकाने ऑर्गनला आपलंसं केलं. नाट्यसंगीताच्या साथीत गोविंदराव पटवर्धन (1925–1996) यांचा ऑर्गन रसिकांच्या मनात घर करून राहिला.

हातपेटीवर एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनमध्ये पायांनी आळीपाळीने दाबलं की भाता हवा ओढून घेतो, त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. काही ऑर्गनांना गुडघ्याने सरकवायची पट्टीही असते, तिने आवाज लहानमोठा होतो. मोकळ्या मांडवात हा भरलेला, न तुटणारा सूर फार मोलाचा ठरतो.

चर्चमधला वादक गीताची सुरुवात वाजवून गायकवृंदाला सूर देतो. वेगळा संचालक नसेल तर मानेच्या इशाऱ्याने तोच सगळ्यांना एकत्र उचलून घेतो. नाटकातही हेच काम असतं, पण इथे पुढचा क्षण कुणी लिहून दिलेला नसतो. नट काळी एकच्या पट्टीत गातो, नटी काळी चारच्या. एकाचं पद संपून दुसरीचं सुरू होईपर्यंत वादकाची बोटं नव्या पट्टीवर गेलेली असावी लागतात. नट एखादी ओळ लांबवतो, टाळी पडली की पुन्हा घेतो. तेव्हा तबल्याला इशारा देऊन वादकच गाणं सांभाळतो. म्हणून मला तो साथीदारापेक्षा संचालकच वाटतो.

गोव्यात या कामाला चर्चचा आधार होता. पॅरिशच्या शाळांत मुलं स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकत. माजोर्डा चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुखांचा मुलगा अँथनी गोन्साल्विस हिंदी चित्रपटसंगीतात नावाजला. याच गोन्साल्विस यांनी संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. चर्चमधली शिस्त अशी थेट स्टुडिओत पोहोचली. झाडीपट्टीच्या वादकामागे अशी संस्था नाही. तो ऐकून आणि साथ करता करताच तयार होतो.

आता लाकडी ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला, जोडीला ऑक्टोपॅड आला. बटण दाबलं की पट्टी बदलते. पण नटाचा दम कुठे संपणार हे बटणाला कळत नाही, ते वादकालाच कळतं. ही जाण एका पिढीकडून दुसरीकडे गेली नाही तर नाटकाची गाणी निर्जीव होतील. म्हणून नाटक ठरवणाऱ्या गावांनी जाहिरातीत नटांच्या बरोबरीने ऑर्गनवादकाचं नाव छापावं. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने जुन्या वादकांच्या चाली त्यांच्याच हातून ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात आणि नव्या मुलांना त्यांच्या शेजारी बसवावं. साथीची विद्या अशी शेजारी बसूनच येते.