एका पेल्याचा ताळेबंद

बँकेच्या सेवेतील छत्तीस वर्षे इतरांचे ताळेबंद तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर ती सवय सुटली असे वाटत होते. परंतु गेल्या हिवाळ्यात ती पुन्हा जागी झाली, आणि तीही एका लहानशा खोक्यामुळे.

माझ्या थोरल्या बंधूंचे किराणा मालाचे दुकान आहे. गल्ल्याशेजारच्या फळीवर फळांच्या रंगीत पेयांची खोकी ओळीने मांडलेली असतात. त्यांची सहा वर्षांची नात शाळेतून येताना दुकानात डोकावते आणि आजोबांच्या हातून एक खोके घेऊनच घरी जाते. एके दिवशी दंतवैद्यांनी तिचे तीन दुधाचे दात किडल्याचे सांगितले आणि पहिलाच प्रश्न विचारला तो गोड पेयांविषयी. दादा संध्याकाळी माझ्याकडे आले, ते खिन्न होऊन. म्हणाले, "अरे, त्या खोक्यावर स्ट्रॉबेरीचे चित्र आहे. मला वाटत होते, मी पोरीला फळच देतो आहे."

मी चष्मा लावून खोक्याची मागची बाजू वाचली. माप २०० मिलिलिटर. फळाचा अंश शेकडा १० च्या घरात. दर १०० मिलिलिटरला साखर १२ ग्रॅम, म्हणजे एका खोक्यात २४ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा ५ ग्रॅमचा धरला, तर जवळजवळ पाच चमचे. यात फसवणूक कोणतीच नव्हती. सारे काही नियमानुसार छापलेले होते. चूक आमची होती. आम्ही जमेच्या बाजूचे चित्र पाहिले आणि नावेच्या बाजूचा आकडा वाचला नाही.

मुलीचे खोके बंद करायचे, तर तिला दुसरे काही द्यायला हवे. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात ताज्या रसाचा प्रयोग सुरू झाला.

फळाची पारख

नोकरीच्या काळात काही वर्षे मी वाईच्या शाखेत होतो. स्ट्रॉबेरीच्या पीककर्जाचे अर्ज माझ्या मेजावरून जात, त्यामुळे महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई परिसरातील मळे जवळून पाहता आले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड होते, नोव्हेंबरअखेर पहिली फळे येतात आणि हंगाम एप्रिलपर्यंत चालतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील शेतकऱ्यांकडून शिकलेली एक गोष्ट आजही उपयोगी पडते. आंबा किंवा केळे घरी आणून पिकवता येते. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही. देठापाशी पांढरे राहिलेले फळ पुढे मऊ पडेल, पण गोड होणार नाही. आणि असे आंबट फळ घरी आले की साखरेचा हात आपोआप सैल सुटतो. कमी साखरेच्या रसाची सुरुवात अशी खरेदीपासूनच होते.

कृती आणि जयणा

फळ चिरण्यापूर्वी देठासकट धुवावे. देठ आधी काढल्यास फळात पाणी शिरते आणि चव पांचट होते. पाणी अर्थातच गाळलेले असावे. त्यानंतरची पायरी महत्त्वाची. फळातील अळ्या बाहेर याव्यात म्हणून ते मिठाच्या पाण्यात भिजवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्या घरांत तो चालणार नाही, कारण ज्या जीवाला वाचवायचे, त्याचाच त्यात घात होतो. आमच्याकडे प्रत्येक फळ उजेडात धरून मधोमध चिरतात आणि आतून नीट पाहतात. शंका आली तर ते फळ तसेच बाजूला काढून बागेत सावलीत ठेवतात. वेळ लागतो, पण नातीला हे काम फार आवडू लागले आहे. जयणेचा अर्थ पाठशाळेतील धड्यापेक्षा तिला त्या ताटापाशी बसून अधिक उमगला, असे मला वाटते.

एका पेल्यासाठी १५० ग्रॅम फळ आणि सुमारे अर्धी वाटी पाणी पुरते. मिक्सर थांबून थांबून, दोन-तीनदाच फिरवावा. सलग फिरवल्यास रसात हवा भरून फेस येतो. शेवटी लिंबाचे चार थेंब पिळावेत. स्ट्रॉबेरीचा लाल रंग आम्लात खुलतो आणि खाण्याच्या सोड्यासारख्या पदार्थाने काळवंडतो. शिवाय लिंबामुळे गोडीलाही उठाव येतो. पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे टाळावे. आंबट रसाला काच किंवा स्टीलच बरे. बहुतेक पाककृतींत मध आणि बर्फ सांगितलेले असतात. ते दोन्ही आपल्याला वर्ज्य. त्याऐवजी चमचाभर खडीसाखरेची पूड आणि माठातील पाणी घ्यावे. रस गाळू नये, कारण चोथ्यातच तंतू असतात. तयार रस तासाभरात संपवावा. जितका ठेवावा तितका त्याचा रंग विटतो आणि क जीवनसत्त्वही घटत जाते. आपल्याकडे रात्री न पिण्याचा आणि शिळे न ठेवण्याचा जो नियम आहे, तो या रसाला जणू मापून शिवलेला आहे.

आता या पेल्याचा हिशेब पाहू. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत नैसर्गिक साखर सुमारे ५ ग्रॅम, तंतू २ ग्रॅम आणि क जीवनसत्त्व ५५ ते ६० मिलिग्रॅम असते. म्हणजे आपल्या पेल्यात फळाची साखर साडेसात ग्रॅम आणि वरची ५ ग्रॅम मिळून साडेबारा ग्रॅम. खोक्याच्या साधारण निम्मी. फळ पूर्ण पिकलेले असेल तर वरचा चमचाही लागत नाही. तरीही दुसरी बाजू सांगायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटना रसातील साखरेचीही गणना मर्यादित ठेवण्याच्या साखरेतच करते. मधुमेहींनी आणि लहान मुलांनी फळ चावून खाणे सर्वांत उत्तम. रस हा कधीमधी घेण्याचा आनंद आहे, रोजचा रतीब नव्हे. खर्चही खोक्यापेक्षा अधिक येतो, हे मी लपवणार नाही.

ऋतूप्रमाणे फळ

स्ट्रॉबेरीच्या अंगावरील बारीक दाण्यांमुळे काही घरांत ती बहुबीज म्हणून घेत नाहीत. त्यांनी आपला नियम पाळावा. ऋतू त्यांनाही रिकाम्या हाती पाठवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत हातगाडीवर फालसे येतात. ते निवडून अर्धा तास भिजवावेत, हातानेच कुस्करावेत आणि गाळून घ्यावेत. मिक्सरमध्ये बी भरडले गेल्यास तुरटपणा येतो. त्यात सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की उन्हाचा शीण उतरतो. पावसाच्या तोंडावर जांभळे येतात. तीही एकेक चिरून, पाहून, बी काढून मग फिरवावीत.

जांभळावरून लेश्यांची कथा आठवते. सहा भुकेले वाटसरू जंबुवृक्षाखाली आले. एकाला झाड मुळापासून तोडायचे होते, दुसऱ्याला मोठ्या फांद्या, तिसऱ्याला डहाळ्या, चौथ्याला घोस. पाचव्याला फक्त पिकली फळे हवी होती. सहावा म्हणाला, खाली पडलेली वेचली तरी आपली भूक भागेल. फळ एकच, भूकही एकच. भेद होता तो भावाचा.

ही कथा मी नातीला सांगत होतो. दादा जवळच बसून ऐकत होते. नंतर हळूच म्हणाले, "घरच्या पोरीला जे देणार नाही, ते दुसऱ्याच्या पोराला हसत हसत द्यायचे, हा कोणता भाव रे?" मी काहीच बोललो नाही. धंद्याची गणिते मला ठाऊक आहेत. त्या मालावर सुटणारा नफा आणि शेजारच्या दुकानाशी असलेली चढाओढ, दोन्ही खरी आहेत.

दादांनी तो माल पूर्णपणे बंद केलेला नाही. मात्र गल्ल्याशेजारची, मुलांच्या डोळ्यांसमोर येणारी फळी त्यांनी रिकामी केली आणि खोकी मागे, उंचावर ठेवली. आता त्या फळीवर चणे, शेंगदाणे आणि खजूर असतात. एखादे मूल मागायला आलेच, तर दादा खोके उलटे करून त्याच्या आईला मागची बाजू दाखवतात. काही जणी तरीही घेतात, काही परत ठेवतात. पहिल्या महिन्यात विक्री घटली, असे ते म्हणाले. किती, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.