टेम्पोवर नाव कुणाचे लिहायचे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक जुना तीनचाकी टेम्पो आला. धाकटा भाऊ मोटर रिवाइंडिंगचे आणि लाइट फिटिंगचे काम करतो. आपल्या नगर जिल्ह्यात या कामाला मरण नाही. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला जाते, मोटर कोरडी चालते. कधी व्होल्टेज पडते, मोटर जादा करंट ओढते आणि वायंडिंग जळते. पीक तर थांबत नाही. शेतकऱ्याला मिस्तरी त्याच दिवशी हवा असतो.

टेम्पो आला, पण पहिले दोन महिने तो कोराच फिरला. गाडी बांधावर चार-चार तास उभी राहायची. येणारे-जाणारे विचारायचे, "गाडी कोणाची?" उत्तर मिळायचे, "मोटरवाल्याची." एवढ्यावर बोलणे संपायचे. मोटरवाला कोण, कुठला, त्याला बोलवायचे कसे, हे कुणालाच कळत नव्हते. चौकातला फ्लेक्स किंवा मोठा फलक आपल्यासारख्याला परवडत नाही. मग जी गाडी रोज गावोगाव जाते, तीच आपली पाटी का होऊ नये?

पेंटरला बोलवायचे ठरले आणि त्या रात्री घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, "आई, नाव पुरे लिहायचे, आडनावासकट. पुढे काचेवर जयभीम."

आई म्हणाली, "नुसते 'मोटर रिवाइंडिंग' लिही आणि फोन नंबर लिही. आडनाव वाचून कोणी फोन केला नाही, तर हप्ता तू कुठून भरशील, लेका?"

आईची भीती खोटी म्हणता येत नाही. मे २०१५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शिर्डीला, मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका तरुणाचा खून झाला. आईने ते विसरावे असे कोण म्हणेल? आणि गिऱ्हाइकाचे म्हणाल, तर परमपूज्य बाबासाहेबांनाही तो अनुभव आला होता. १९१७ साली परदेशातून शिकून आल्यावर मुंबईत त्यांनी शेअरबाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. एवढ्या विद्वत्तेचीही ही गत झाली.

पण भावाजवळही बाबासाहेबांचीच गोष्ट होती. १९२९ साली ते चाळीसगावला उतरले, तेव्हा एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्याच वस्तीतल्या माणसाने तो हाकला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांना मोठी दुखापत झाली. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. भाऊ म्हणाला, "तेव्हा आपल्या माणसाजवळ गाडी नव्हती, ती चालवायची सवय नव्हती. आज गाडी आपली, हात आपला, हुन्नर आपला. मग नाव तेवढे का लपवायचे?"

आम्ही दोघांचेही ऐकून घेतले आणि आधी कायदा काय म्हणतो ते पाहिले. तिथे एक गोष्ट कळली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात परमिटवर चालणाऱ्या गाड्यांना अट आहे, की चालविणाऱ्या धन्याचे नाव आणि पत्ता गाडीच्या दोन्ही बाजूंना, उठून दिसेल अशा रंगात, ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. ३००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या लहान मालगाडीला परमिट लागत नाही, म्हणून आमच्यावर ती सक्ती नव्हती. पण कायदा जे मोठ्या गाडीवाल्याला लिहायला लावतो, ते लिहायला आपण का घाबरावे? हे ऐकून आई गप्प झाली. मग म्हणाली, "नाव लिही. पण अक्षर चांगले काढून घे."

पेंटरकडे जाण्याआधी

पिवळ्या पाटीच्या म्हणजे व्यवसायाच्या गाडीवर मनाला येईल तशी जाहिरात करता येत नाही. परिवहन प्राधिकरणाच्या आदेशात बसेल तेवढीच चालते. म्हणून नगर किंवा श्रीरामपूर, ज्या आरटीओत आपली गाडी येते तिथे आधी अर्ज द्यावा आणि पोच जपून ठेवावी. गाडीचा मूळ रंगच बदलणार असाल तर त्याची नोंद आरसी बुकात करून घ्यावी लागते.

नंबरप्लेटवर नंबराशिवाय काहीही लिहू नये, धंद्याचे नाव नको की घोषणा नको. नंबर मराठी आकड्यांतही चालत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी पाटी असतेच, जुन्यांनाही आता ती बसवावी लागते. पुढच्या-मागच्या काचेवर दिसणे अडेल असे काही चिकटवू नये. म्हणून आमच्या भावाचे जयभीम काचेवर न येता काचेच्या वर, केबिनच्या पट्टीवर निळ्या रंगात आले. भोंगा लावून पुकारा करायचा असेल तर लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद.

पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाडीवर "भाड्याने मिळेल" असे लिहिणे तर महागात पडते. भाड्याचा धंदा त्या गाडीला करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

काय लिहावे, किती लिहावे

ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३६ फूट पुढे जाते. टपरीवर बसलेल्या माणसाला ती वाचायला तीन-चार सेकंद मिळतात. तेवढ्यात पाच-सहा शब्दच वाचून होतात. म्हणून काम, नाव, गाव आणि फोन एवढेच लिहावे. "आमच्याकडे सर्व प्रकारची कामे माफक दरात" हे कोणी वाचत नाही.

पेंटर लोकांचा ठोकताळा असा, की एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येते. पन्नास फुटांसाठी अक्षर पाच इंचाचे हवे. मराठीत वर मात्रा आणि खाली उकार येतो, तेव्हा ओळींमध्ये जागा सोडायला सांगावे. पांढऱ्यावर निळे किंवा पिवळ्यावर काळे लांबून उठून दिसते. लाल रंग उन्हात लवकर उडतो. फोनचे दहा आकडे पाच-पाच असे तोडून लिहिले की लक्षात राहतात.

सगळ्यात मोठे अक्षर मागच्या फाळक्यावर घ्यावे, कारण मागून येणारा माणूसच आपली गाडी सर्वांत जास्त वेळ पाहतो. आणि एक घरातली गोष्ट. गाडीवर बायकोचा किंवा मुलीचा नंबर घालू नये, नको ते फोन येतात. धंद्याचे सिमकार्ड वेगळे ठेवावे.

पुढे काय झाले

टेम्पो रंगून आला तेव्हा आईने तो चारही बाजूंनी पाहिला आणि नाव बोटाने वाचले. तिला अक्षर ओळख उशिरा झाली, प्रौढ वर्गात. मुलाचे नाव इतक्या मोठ्या अक्षरात तिने पहिल्यांदाच पाहिले.

सगळे गोड झाले असे सांगणार नाही. एका वस्तीवर गाडी पोचल्यावर फाळक्यावरचे नाव वाचून "मोटर चालू झाली" असे सांगून परत पाठवले. मोटर चालू झालेली नव्हती, शेजारचा गडी ते बोलून गेला. भावाने त्या दिवशीचे डिझेल खिशातून भरले. पण आम्ही एक वही ठेवली आहे. नव्या गिऱ्हाइकाला विचारायचे, "नंबर कुठून मिळाला?" आणि उत्तर लिहायचे. त्या वहीत "गाडीवर वाचला" हे शब्द आता वारंवार दिसतात. त्यात सगळ्या समाजाचे शेतकरी आहेत. पाणी तोडून चालत नाही हे ज्याला कळते, तो आडनाव वाचत बसत नाही.

नाव लिहिल्याने एक जबाबदारीही आली. आता आडवी गाडी घातली, कुणाला शिवी दिली, मोटर आठ दिवसांत पुन्हा जळाली, तर लोक नावानिशी बोलतात. भाऊ म्हणतो, त्यामुळे हातच सुधारला.

म्हणून आपल्या होतकरू तरुणांना आमचे सांगणे आहे. रिक्षा असो, छोटा हत्ती असो की मागे पेटी बांधलेली मोटारसायकल असो, तिला कोरी फिरवू नका. नियम पाळा, अक्षर सुबक काढून घ्या आणि त्याखाली आपले नाव लिहा. नाव किती लिहायचे, हे ज्याने-त्याने आपले गाव आणि आपले घर पाहून ठरवावे. जो आज आडनाव लिहीत नाही त्याला भित्रा म्हणू नका, त्याच्याही घरी हप्ता आहे आणि आई आहे. आमच्या घरी मात्र ते लिहिले गेले, आणि टेम्पो रोज सकाळी सातला ते घेऊन निघतो.