चटकदार खाण्याचा घरगुती जमाखर्च

धान्याच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या मनुष्याने पाकशास्त्रावर लेखणी उचलावी, हे आमच्या काही व्यापारी बंधूंस विचित्र वाटेल. परंतु घराघरांतील चुलीवर जे शिजते त्याचा आरंभ आमच्याच पोत्यांतून होतो, आणि शिजल्यानंतर जे पोटात जाते त्याचा हिशेब पाहण्याचे आम्ही मात्र टाळतो. दिवसभर गादीवर बैठक, सायंकाळी दुकानातच मागविलेला समोसा, आणि रविवारी मुलांच्या हट्टाखातर पिझ्झा, नूडल्स अथवा मंच्युरियन, असा क्रम आपल्या बहुतेक कुटुंबांत पडला आहे. मधुमेह पूर्वी आजोबांच्या पिढीत दिसे. आता तो तिशीतल्या मुलांस गाठू लागला आहे. माझ्या थोरल्या नातवाच्या यकृतावर चौदाव्या वर्षीच चरबी साचल्याचे वैद्यकीय तपासणीत निघाले. त्यास बाहेरचे खाणे एकदम बंद करा असे सांगणे सोपे होते; ते त्याच्या गळी उतरणे कठीण होते. म्हणून तेच पदार्थ घरी, थोड्या तेलात व आपल्या आचारास धरून कसे होतील, याचा प्रयोग आमच्या घरात गेली दोन वर्षे चालला आहे. त्याचा वृत्तांत येथे देत आहे.

प्रथम मंच्युरियनविषयी लिहितो, कारण आमच्या बेळगावात सायंकाळी ज्या गाड्यांभोवती सर्वांत अधिक गर्दी असते, त्यांत त्याचा क्रमांक वरचा आहे. दिनांक ११ मार्च २०२४ रोजी कर्नाटक शासनाने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली, ही वार्ता आपण वाचली असेलच. तो लालभडक रंग नसेल तर मुलांना पदार्थ फिका वाटतो, हेही खरे. परंतु रंगासाठी आपणास दूर जाण्याचे कारण नाही. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी मिरची तिखटास मंद व रंगास गडद आहे. पाच-सहा मिरच्यांच्या बिया काढून त्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात व बारीक वाटाव्यात. एवढ्याने रस्सा गाडीवरच्याइतकाच लाल होतो.

फुलकोबीत सूक्ष्म जीव असल्याने आपल्यातील अनेक घरांत ती वर्ज्य आहे. तिच्या जागी आम्ही मूगडाळ घेतली. पाव किलो डाळ तीन तास भिजवून जाडसर वाटावी. तीत दोनशे ग्रॅम कोबी बारीक चिरून घालावा (चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असेल तर दोडक्याचा कीस घ्यावा), हिंग, मिरी, सुंठ व मीठ मिसळावे आणि आप्पेपात्रात झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजावे. याचे सुमारे चाळीस गोळे होतात. रश्श्यासाठी टोमॅटो शिजवून गाळावा, त्यात ब्याडगीचे वाटण, चिंचेचा कोळ व किंचित गूळ घालून चमचाभर मक्याच्या पिठाने दाट करावा. बाटलीतल्या सॉसांत मीठ फार असते. दिवसभरात एका माणसाने पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाटली उघडली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

आता हिशेब. हेच मिश्रण एकदा कढईत तळून पाहिले. तळण्यापूर्वी तेल तराजूवर तोलले, निवल्यावर पुन्हा तोलले. उडालेले चार थेंब सोडून दिले तरी १२० ग्रॅम तेल कमी भरले. ते कोठे गेले असेल हे सांगावयास नको. एक ग्रॅम तेलात ९ उष्मांक असतात, म्हणजे केवळ तेलाचेच १०८० उष्मांक झाले. आप्पेपात्रात दोन मोठे चमचे तेल लागले, त्याचे सुमारे २४० होतात. पाच जणांच्या घरात प्रत्येकी आठ गोळे वाटले, तर तळलेल्याचे माणशी सुमारे ४०० व भाजलेल्याचे सुमारे २३० उष्मांक पडतात. दोहोंत माणशी प्रथिने तेवढीच, म्हणजे जवळजवळ १२ ग्रॅम. खर्चाच्या बाजूनेही हाच निकाल लागतो. आपला देश खाद्यतेलाचा अर्ध्याहून अधिक भाग परदेशांतून आणतो, आणि त्याच्या भावाची चढउतार आपणा किराणा व्यापाऱ्यांस मी काय सांगावी!

शिवाय कढईत उरलेल्या तेलाचा प्रश्न असतोच. वारंवार तापविलेल्या तेलात काही अपायकारक घटक वाढत जातात. त्यांचे प्रमाण शेकडा २५ पेक्षा अधिक झाले तर ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशात लागू आहे. रस्त्यावरच्या कढईपाशी हे मोजावयास कोण जातो?

पिझ्झाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. शाळूच्या पिठाची लहान, किंचित जाड भाकरी करावी. तीवर आटविलेला टोमॅटो, ओवा, मिरी, ढबू मिरचीचे काप व घरचे पनीर पसरून तव्यावर झाकण ठेवावे. यीस्ट नको, रात्रभर आंबविणे नको. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात त्याचा थोडाच अंश उरतो. मी ज्वारी विकतो म्हणून तिची स्तुती करतो, असे कोणी म्हणेल. तर मैद्याची पोतीही माझ्या गोदामात आहेत, आणि त्यांचा उठाव ज्वारीपेक्षा अधिक आहे.

नूडल्सच्या बाबतीत मात्र सावध राहावे. झटपट होणाऱ्या बहुतेक नूडल्स कारखान्यात तळूनच वाळविलेल्या असतात. पुडीवर गहू वा नाचणी मोठ्या अक्षरांत छापलेली दिसली तरी मागील बाजूची घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. तेव्हा मैदा पहिला आणि नाचणी सहावी असेल, तर आपण काय विकत घेतले ते उघड आहे. आमच्या घरी खपली गव्हाच्या हातशेवया भाज्यांसह परततात. खपली उत्तमच, परंतु मधुमेह्यांनी ती औषध समजून पोटभर खाऊ नये. तीही शेवटी गहूच आहे.

बटाटेवड्याच्या हट्टास आम्ही कच्च्या केळ्याने उत्तर दिले आहे. केळी उकडून, कुसकरून, लिंबू-मिरचीची फोडणी देऊन गोळे करावेत व पातळ बेसनात बुडवून त्याच आप्पेपात्रात भाजावेत. तळलेल्या वड्याचा कुरकुरीतपणा यास येत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. नातू पहिल्या दिवशी नाक मुरडून उठला होता. पुढे चिंचेची आंबटगोड चटणी सोबत आली, तेव्हा तो बसला.

एक गोष्ट पुरुषवर्गास उद्देशून. घरी करावे, घरी करावे, असा उपदेश आपण करतो, आणि त्याचे श्रम सुनेच्या व गृहिणीच्या वाट्यास जातात. आमच्या घरात रविवारी डाळ वाटणे व गोळे परतणे ही कामे मी व माझा मुलगा करतो. पेढीवर हजार पोती मोजून घेणाऱ्यास चाळीस गोळे उलटणे जड जाऊ नये.

आपल्या असोसिएशनच्या वार्षिक सभेत अल्पोपहार म्हणून समोशांची पुडकी वाटण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी पुढील सभेस हे मुगाचे गोळे ठेवावेत, अशी सूचना मी व्यवस्थापक मंडळापुढे मांडीत आहे. तीनशे सभासदांस प्रत्येकी चार धरल्यास बाराशे गोळे, त्यास साडेसात किलो मूगडाळ व लिटरभराच्या आत तेल लागेल. एवढे आप्पेपात्रात होणे शक्य नाही, म्हणून ते इडलीपात्रांत वाफवून वरून मोहरी-तिळाची फोडणी द्यावी. मग तेल याहूनही कमी लागेल. सभा सूर्यास्तापूर्वी उरकणार असेल तर रस्साही करता येईल. डाळ माझ्या पेढीकडून विनामूल्य येईल. दळण्याची व्यवस्था कोणी सभासदाने पत्करावी.