मॉलमधली गर्दी तुमचं गिऱ्हाईक आहे का?

"सर, मॉलमध्ये छोटा स्टॉल टाकायचाय. रविवारी गर्दी बघितलीत का तिथली?" छत्रपती संभाजीनगरच्या बॅचमध्ये हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणाऱ्याच्या हातात तीन-चार लाख असतात, आणि त्यातले काही वडिलांच्या पीएफचे नाहीतर सोनं गहाण ठेवून आणलेले. म्हणून व्हिडिओत जे घाईघाईत सांगितलं, ते इथं नीट आकडे मांडून सांगतो.

आधी शहराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. प्रोझोन मॉल २०१० साली सुरू झाला, चिकलठाणा एमआयडीसीत, म्हणजे शहराच्या पूर्वेला, विमानतळाच्या बाजूला. आणि विद्यार्थी कुठे आहेत? डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ पार दुसऱ्या टोकाला, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी. मिलिंद महाविद्यालय त्याच बाजूला नागसेनवनात. शासकीय अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन आणि देवगिरी कॉलेज स्टेशन रोड-उस्मानपुऱ्याकडे. एमजीएम सिडकोत. म्हणजे यातला बहुतेक विद्यार्थी मॉलला मुद्दाम जातो, रोजच्या वाटेवर त्याला मॉल लागत नाही. धंद्याच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. मुद्दाम गेलेला पोरगा सिनेमाचं तिकीट, खाणं आणि परतीची रिक्षा एवढा हिशेब खिशात घेऊनच निघतो. तुमच्या स्टॉलचा त्यात हिस्सा किती? तोच पोरगा संध्याकाळी कॅनॉटला किंवा निराला बाजारला रोज उभा असतो. तिथं तो कमी खर्च करेल, पण पुन्हा पुन्हा करेल.

त्यातून मराठवाड्याचा मे महिना! दुपारी मॉलमध्ये गर्दी दिसते, त्यातली कितीतरी माणसं एसीची हवा खायला आलेली असतात. म्हणून डोकी मोजू नका, बाहेर पडणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्या मोजा. एखाद्या मंगळवारी दुपारी दोन तास आणि रविवारी संध्याकाळी दोन तास दाराशी वही घेऊन उभे राहा. खर्च फक्त चहाचा.

आता भाड्याचं गणित. पुढचे आकडे कोणत्याही मॉलचे दर नाहीत, हिशेब कळावा म्हणून मी धरलेत. समजा मोबाइल कव्हर आणि कानातल्यांचा एक किऑस्क आहे. भाडं ६०,००० रुपये, मेंटेनन्स १०,०००. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी धरला की झाले ८२,६००. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर हा कर परत मिळत नाही, तो तुमच्याच अंगावर पडतो. मॉल सकाळपासून रात्रीपर्यंत चालू, साप्ताहिक सुट्टी नाही, त्यामुळे दोन पाळ्यांना दोन माणसं लागतात : २६,०००. वीज ५,०००. एकूण १,१३,६०० रुपये दर महिन्याला.

१५० रुपयांच्या वस्तूमागे तुम्हाला ६० रुपये सुटतात असं धरू. मग नुसता खर्च भरून काढायला महिन्याला सुमारे १,८९३ वस्तू विकायला हव्यात. शनिवार-रविवारचे आठ दिवस रोज १२० विकल्या तरी होतात ९६०. उरलेल्या ९३३ बाकीच्या बावीस दिवसांत, म्हणजे रोज ४२. आणि हे सगळं करून तुमचा स्वतःचा पगार शून्य! डिपॉझिट, फर्निचर आणि पडून राहिलेला माल तर मी धरलेलाच नाही.

आता तोच माल उस्मानपुऱ्याच्या बाजूला कॉलेजजवळच्या गाळ्यात ठेवू. भाडं १५,०००, एक मदतनीस १०,०००, वीज २,००० : महिन्याचे २७,०००, वर्षाचे ३,२४,०००. पण इथं वेगळी गोम आहे. भाडं बारा महिने, गिऱ्हाईक नऊ महिने. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत पोरं गावी जातात, मग तुम्ही आणि समोरचा झेरॉक्सवाला एकमेकांकडे बघत बसता. म्हणून वर्षाचा खर्च नऊ महिन्यांवर वाटा. महिन्याला २६ दिवस धरले तर २३४ दिवसांत ५,४०० वस्तू, रोज साधारण २३. हा आकडा एकटा माणूस पेलू शकतो.

"मग पर्यटकांचं काय? एवढी वेरूळ-अजिंठ्याची नगरी!" बरोबर, पण पर्यटकाचा रस्ताही बघा. वेरूळ शहरापासून साधारण ३० किलोमीटर, अजिंठा सुमारे १००. दोन्ही लेण्या १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वेरूळला जाणारा माणूस वाटेत दौलताबादचा किल्ला करतो, पुढे घृष्णेश्वराचं दर्शन घेतो. शहरात त्याचा वेळ जातो बीबी का मकबरा आणि पाणचक्कीत. ही सगळी ठिकाणं प्रोझोनच्या उलट दिशेला. दिवसभर फिरून दमलेला तो माणूस, त्याच्या गावात आहे तसलाच मॉल बघायला इकडे कशाला येईल? त्याला हिमरू शाल हवी, पैठणी हवी, बिदरीची डबी हवी, आणि नान-खलिया कुठे चांगला मिळतो ते हवं. पर्यटकांवर धंदा करायचा असेल तर सुट्टीचा वारही पाठ हवा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.

याचा अर्थ मॉल वाईट असा नाही. लग्नसराईतली खरेदी करणारं कुटुंब आणि एमआयडीसीतला पगारदार गाडी काढून तिथं जातो, आणि तो भाव कमी घासतो. हजार-दीड हजाराची भेटवस्तू, चांगली पॅकिंग केलेला घरगुती फराळ, हिमरूचे स्टोल अशा मालाला हेच गिऱ्हाईक लागतं. फक्त सुरुवात वर्षाच्या कराराने करू नका. दिवाळीपूर्वीचे दहा दिवस किंवा दोन वीकेंड एवढ्यापुरती जागा मिळते का, ते विचारा. त्या दिवसांतली विक्री रोज रात्री वहीत लिहा.

मग वर्षाचा करार समोर आलाच, तर सही करण्याआधी चार ओळी शोधा. भाडं ठरावीक आहे, की विक्रीचा टक्का आणि किमान भाडं यांतलं जास्त असेल ते? लॉक-इन किती महिन्यांचं? मेंटेनन्स तुमच्या प्रत्यक्ष जागेवर, की सुपर बिल्टअपवर? डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि त्यातून काय काय कापणार? तोंडी उत्तर घेऊ नका, कागदावरची ओळ दाखवायला सांगा.