म्हाताऱ्याचा भ्रम की वस्तीची आठवण?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण थट्टेत वापरतो; पण या थट्टेने कितीतरी वृद्धांचा उपचाराचा हक्क बुडवला आहे. म्हातारी भिंतीशी बोलू लागली, म्हातारा सुनेवर चोरीचा आळ घेऊ लागला, की नांदेड-लातूरकडच्या वस्त्यांत मला दोनच निदाने ऐकू येतात. एक, ‘वयच झालंय’. दुसरे, ‘बाहेरचं झालंय, करणी केलीय’. पहिले निदान माणसाला कोपऱ्यात टाकते, दुसरे त्याला देवऋष्याच्या दारात नेते. दोन्ही वाटांवर दवाखाना लागत नाही. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. परंतु वस्तीत डॉक्टरच्या आधी कार्यकर्ता पोचतो, आणि त्याने काय पाहावे व काय विचारावे हे त्याला ठाऊक असले पाहिजे, एवढ्याच भूमिकेतून हे लिहितो आहे.

आधी शब्द स्वच्छ करू. नसलेले दिसणे किंवा ऐकू येणे म्हणजे भास. पुराव्याने न हलणारी आणि त्या माणसाच्या स्वतःच्या समाजालाही न पटणारी पक्की समजूत म्हणजे भ्रम. भास-भ्रमांमुळे वास्तवाशी नाते तुटणे म्हणजे चित्तविकृती. ‘वेड’ हा एकच शब्द आपण या सर्वांवर पांघरतो आणि कारणे झाकून टाकतो. कारणे मात्र वेगवेगळी असतात, आणि ती उलगडणारा पहिला प्रश्न अगदी साधा आहे: हे केव्हापासून?

काल-परवापर्यंत धड असलेला माणूस तासा-दोन तासांत किंवा दोन-चार दिवसांत बरळू लागला, रात्री जास्त बिथरला, मध्येच शुद्धीवर आला, तर तो वात आहे. त्याचे मूळ बहुधा शरीरात असते: लघवीचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, अंगातले पाणी वा क्षार कमी होणे, साखर खाली जाणे, नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी, एकाएकी सुटलेली दारू. याला मांत्रिक नको, मनोरुग्णालयही नको. त्याच दिवशी सरकारी दवाखाना हवा. उशीर झाला तर जीव जातो.

महिन्या-वर्षांच्या अवधीत विसर वाढत गेला, ठेवलेली वस्तू सापडेना म्हणून ‘चोरली’ असे वाटू लागले, तर ती स्मृतिभ्रंशाची खूण असू शकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा शाळा न पाहिलेल्यांत हे प्रमाण अधिक आहे. या तिन्ही खुणा एकत्र केल्या की कोणती म्हातारी डोळ्यांपुढे उभी राहते, हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको. जिला शाळेच्या दाराबाहेर ठेवले गेले तिच्या मेंदूचेही नुकसान झाले आहे. शाळाबंदीचा हा हिशोब अजून कोणी मांडलेला नाही.

तिसरा प्रकार असा, की स्मरणशक्ती ठीक असूनही साठीनंतर प्रथमच ‘शेजारी माझ्याविरुद्ध कट करतात, छतावरून बोलतात’ असे वाटू लागते. हा प्रकार स्त्रियांत अधिक आढळतो. एकटेपणा आणि बहिरेपणा यांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. लोकांचे अर्धवट ऐकू आलेले बोलणे मन संशयाने पूर्ण करते. मोतीबिंदूने दृष्टी गेलेल्यांना माणसे, जनावरे दिसू शकतात, आणि त्यात वेड काहीच नसते. दिवाळीच्या सुमारास मुखेड-कंधारकडची घरे ऊसतोडीला जातात. मागे एकटी म्हातारी राहते. तिच्या कानांची आणि डोळ्यांची तपासणी हीसुद्धा मनाची चिकित्सा आहे. खोल उदासीनतेतही ‘मी पापी आहे, माझी आतडी सडली’ असे भ्रम होतात. तिथे आत्महत्येचा धोका मोठा असतो.

व्यक्तिमत्त्वविकार याहून वेगळा. तो तरुणपणापासूनच माणसाच्या वागण्यात मुरलेला असतो: टोकाचा संशय, ताठरपणा, परावलंबन, भडक राग. उतावळेपणा वयाबरोबर बहुधा ओसरतो. ताठरपणा आणि संशय टिकून राहतात. उलट, आयुष्यभर मवाळ असलेला माणूस सत्तरीत अचानक शिवराळ, बेशरम झाला, तर तो ‘स्वभाव’ नव्हे. मेंदूच्या आजाराची ती सूचना असू शकते. म्हणून घरच्यांना विचारावे: हा आधी कसा होता?

आता मुख्य मुद्दा. वस्तीतला एक वृद्ध रात्री उठून म्हणतो, ‘ते येतायत, घरं पेटवतील.’ पाठ्यपुस्तक याला भ्रम म्हणेल. पण २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, आणि त्यानंतर याच जिल्ह्यांत घरे खरोखर पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना त्याच ऑगस्टमध्ये ठार मारले गेले. तेव्हा पंचविशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे. स्मृतिभ्रंशात कालचे पुसले जाते आणि जुने वर येते. त्याचा काळ चुकला आहे; प्रसंग मात्र खोटा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली. तिथली म्हातारी पहाटे घराबाहेर पळते तेव्हाही हेच लागू होते. ‘माझी गायरानाची जमीन बळकावतायत’ हे वाक्य तर आधी तलाठ्याकडे तपासावे, मग मनोविकारतज्ज्ञाकडे. जातीचा इतिहास न विचारता भ्रमाचे निदान करणारा डॉक्टर अर्धाच रोगी तपासतो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी: जखमेचा इतिहास आहे म्हणून आजारच नाही असे मानून उपचार टाळणे, हाही अन्यायच.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. सामाजिक वा आर्थिक दर्जावरून किंवा समाजाच्या रूढ मूल्यांशी न जुळण्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असे तो सांगतो. केवळ आजार आहे म्हणून माणूस व्यवहारास अपात्र ठरत नाही. म्हणजे ‘म्हातारा वेडा आहे’ एवढ्यावर त्याची जमीन कोणाला खाता येत नाही. साखळीने बांधणे याच कायद्याने निषिद्ध आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही गुन्हा आहे.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चारही जुनी मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. पण बहुतेक वृद्धांना त्यांची गरजच नसते. नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये जवळ आहेत. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनीसेवा आहे. औषधे वृद्धांना थोड्या मात्रेत आणि देखरेखीखालीच द्यावीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत चित्तविकृतीवरील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला आहे. म्हणून म्हातारा गप्प बसावा यासाठी गोळी मागू नये.

आपल्या अभ्यासवर्गांत, युवक मंडळांत हा विषय यायला हवा. दवाखान्यात जाताना कार्यकर्त्याने तीन गोष्टी लिहून न्याव्यात: केव्हापासून, आधी कसा होता, आणि याने आयुष्यात काय सोसले. पहिल्या दोन डॉक्टर स्वतःही विचारील. तिसरी सांगणारे आपणच आहोत.