चिकित्सेचा तिसरा पाद आणि पेठेतील वार्धक्य

बुधवार पेठेतील एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ अनिद्रा, मलावष्टंभ व अरुची या तक्रारी घेऊन आमच्याकडे येत असत. वार्धक्य हा वाताचा काळ; त्यानुसार अभ्यंग, गंधर्वहरीतकी व अश्वगंधा यांची योजना केली. तीन महिने कल्प व मात्रा बदलत राहिलो, परंतु उपशय मिळाला नाही. चौथ्या महिन्यात सहज विचारले, ‘‘काका, रात्री जेवायला सोबत कोण असते?’’ ते म्हणाले, ‘‘ही गेल्यापासून रात्री गॅस पेटवतच नाही, डॉक्टर. चहा आणि खारी.’’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता. चूक आमची होती.

चरकाचार्यांनी वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञान, दक्षता व शुचिता यांबरोबर रुग्णाविषयीचा अनुरागही आवश्यक मानला आहे. रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे, हेही आपण जाणतो. तरीही व्यवहारात आपले सारे लक्ष द्रव्यावर केंद्रित होते आणि तिसरा पाद गृहीत धरला जातो.

पूर्वी वाड्यातील चौक, सामायिक नळ आणि ओटा यांमुळे हा पाद न मागता मिळत असे. आज अनेक वाडे पाडले गेले व पुढची पिढी उपनगरांत वा परदेशी गेली. मागे राहिलेल्या वृद्धांना संधिगतवातामुळे लाकडी जिना उतरवत नाही. दगडूशेठ गणपतीचे मंदिर हाकेच्या अंतरावर असूनही दर्शन दूर राहते. श्रवणशक्ती मंदावली की उरलेले संभाषणही खुंटते. याच पेठेत देहविक्रयाच्या व्यवसायात आयुष्य गेलेल्या वृद्ध स्त्रियाही राहतात. ‘मुले काय करतात?’ हा आपला नेहमीचा प्रश्न त्यांतील कित्येकींना बोचतो. ज्यांना नातलगांनी दुरावले, त्यांच्या उशाशी मैत्रिणीच बसतात. सहेली संघ ही त्यांची संघटना येथे कार्यरत आहे. उपस्थाता रक्ताच्याच नात्याचा असावा, असे शास्त्रानेही म्हटलेले नाही.

देशपातळीवरील ‘लासी’ सर्वेक्षणात (२०१७-१८) साठ वर्षांवरील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची संभाव्य लक्षणे आढळली. निदान झाल्याचे सांगणारे मात्र ०.८ टक्केच होते. उरलेले वृद्ध अनिद्रा, अंगदुखी आणि अग्निमांद्य या नावांनी आपल्याच दारात येत असणार.

म्हणून प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या केसपेपरवर तीन नोंदी असाव्यात, असे आम्ही सुचवितो : जेवण कोणाबरोबर होते, आठवड्यात किती वेळा बाहेर पडणे होते, आणि रात्री-अपरात्री हाक कोणाला मारता येते. औषधविक्रेत्या बंधूंचे स्थान तर अधिक मोलाचे. महिन्याचे चूर्ण आठ दिवसांत पुन्हा मागणारे आजोबा विस्मृतीने ग्रस्त असतील किंवा केवळ दोन शब्द बोलण्यासाठी आले असतील. दोन्ही बाबी वैद्याला कळविण्याजोग्या आहेत. परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघाचा पत्ता आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक दुकानात दर्शनी लावावा. जगण्याची इच्छा उरली नाही, असे कोणी बोलून दाखविल्यास कल्प बदलत न बसता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे.

त्या गृहस्थांची गाठ आम्ही त्याच गल्लीतील दुसऱ्या एका रुग्णाशी घालून दिली. तेही एकटेच. आता दोघे मिळून एक डबा लावतात व रात्री एकत्र जेवतात. औषध पूर्वीचेच आहे. निद्रा अद्याप पूर्ववत झालेली नाही. परंतु मागील महिन्यात वजन दीड किलोने वाढले, आणि काका स्वतःची तक्रार सांगण्याआधी मित्राच्या खोकल्याची तक्रार सांगू लागले आहेत.